तीन किलोचा दरारा

गंगापूर रोडला संध्याकाळी फिरायला निघणाऱ्यांत एक जात अलीकडे वाढली आहे. वय पासष्टच्या पुढे, पायांत मुलाने पाठवलेले बूट, हातात पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मुलानेच मागे ठेवलेला कुत्रा. मुलगा हिंजवडीला होता तेव्हा त्याने हौसेने पिल्लू घेतलं. मग कंपनीने त्याला परदेशी धाडलं आणि पिल्लू नाशिकला आईवडिलांकडे आलं, ‘फक्त सहा महिने’ या बोलीवर. असले सहा महिने कधी संपत नाहीत. या जातीच्या प्रतिनिधीला आपण अप्पा म्हणू आणि त्यांच्या यॉर्कशायर टेरिअरला कोको.

अप्पा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. जन्मभर पाळ्या केल्या, ओव्हरटाइम केला, गेटमीटिंगला घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या. ‘या घरात कुत्रं आलं तर मी बाहेर पडेन’ हे त्यांचं वाक्य सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. कुत्रं आलं, आणि अप्पा खरंच बाहेर पडू लागले. दिवसातून दोनदा, कोकोला घेऊन.

कोकोची उंची खांद्यापाशी वीतभरसुद्धा नाही. वजन तीन किलो. जातीच्या नियमानुसार ते ३.२ किलोच्या वर जाताच कामा नये. पाठीवर पोलादी निळा रंग, तोंड आणि पाय तांबूस-सोनेरी. आला तेव्हा तो काळा होता. वर्षभरात पाठ फिकी पडू लागली तशी अप्पांनी मुलाला फोन लावला, “अरे, रंग पक्का नव्हता. फसवलं तुला त्या माणसाने!” या जातीची पिल्लं काळी-तांबूसच जन्मतात आणि निळा रंग मागाहून चढतो, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कुठे ते शांत झाले.

केस माणसासारखे, सरळ आणि वाढतच राहणारे. ते डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून कपाळावर शेंडी बांधावी लागते. पोटच्या मुलीची वेणी ज्यांनी कधी घातली नाही, ते अप्पा रोज सकाळी पेपर बाजूला ठेवून ही शेंडी बांधतात. मध्येच आतल्या खोलीत काकूंना हाक जाते, “अगं, गुलाबी नको, निळं रबर दे!” अंगात ऊब धरणारी आतली लव नसल्याने कोकोला थंडी सोसत नाही. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की अप्पा आधी त्याचा स्वेटर काढतात, मग स्वतःची कानटोपी शोधतात. कोपऱ्यावरची पोरं विचारतात, “काय अप्पा, ससा पाळला का?” अप्पा उत्तर देत नाहीत. कोको देतो, आणि ते पुढच्या चौकापर्यंत ऐकू जातं.

हा रेशमी थाट पाहून कुणालाही वाटावं की याचे पूर्वज राणीच्या मांडीवर वाढले. तसं काही नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी यॉर्कशायरच्या गिरण्यांकडे सरकले, ते आपली छोटी कुत्री बरोबर घेऊन. गिरणीत उंदीर, खाणीत उंदीर, घरात उंदीर; ते मारणं हे या कुत्र्याचं काम. केस इतके तलम की लोक थट्टेने म्हणत, हा मागावर विणून काढलाय. येवल्याच्या विणकरांच्या हाती ही जात लागली असती तर आज पैठणीच्या पदरावर मोराशेजारी कोको दिसला असता. या घराण्याचा मूळपुरुष मानला जातो तो हडर्सफील्ड बेन, जन्म १८६५. प्रदर्शनात तो बक्षिसं घ्यायचा आणि उंदीर मारायच्या शर्यतीतही. १८७१ मध्ये तो बग्गीखाली सापडून गेला. बहुधा बग्गीच्या अंगावर धावून गेला असावा, हा माझा तर्क. कोकोला रिक्षांशी वागताना पाहून केलेला.

अप्पांना ही वंशावळ तोंडपाठ आहे. कोकोच्या पूर्वजांच्या नावांचं केनेल क्लबचं प्रमाणपत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलंय. स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव हवं असेल तर मात्र त्यांना त्र्यंबकेश्वरला उपाध्यांची वही उघडायला लावावी लागते. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात सापडलेल्या स्मोकी नावाच्या यॉर्कीने पुढे फिलिपिन्समध्ये धावपट्टीखालच्या सत्तर फुटी अरुंद पाइपातून टेलिफोनची तार ओढून नेली, ही गोष्ट ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याने स्मोकीला कोकोची सख्खी आत्या समजावं.

आपण केवढे आहोत, हा हिशेब या कुत्र्याच्या डोक्यात मुळी नाहीच. घंटागाडीचं गाणं, कुरिअरवाला, कुकरची तिसरी शिट्टी, शेजारच्यांचं लॅब्रॅडॉर, सगळ्यांना त्याची एकच ताकीद. लॅब्रॅडॉर दहापट वजनाचं, पण कोको दिसला की ते मालकाच्या पायांमागे जातं. गल्लीतली गावठी कुत्री शहाणी. ती त्याला वळसा घालून जातात. अप्पा त्याला इंग्रजीत दटावतात. “कोको, नो! कोको, बिहेव!” ज्या साहेबांशी तीस वर्षं मराठीतच भांडले, त्यांनी हे ऐकायला हवं होतं. कोको ऐकतो फक्त काकूंच्या “मार खाशील हं”ला. सिडको, गोविंदनगरसारख्या भरवस्तीतून वन विभागाने बिबटे पकडून नेल्यापासून अप्पा अंधाराआधी घरी परततात, हातात काठी ठेवतात. भीती बिबट्याची की कोको त्याच्यावर धावून जाण्याची, ते मी विचारलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक घूस शिरली. जवळजवळ कोकोच्याच मापाची. वॉचमन काठी आणायला गेला, सेक्रेटरी फवारणीवाल्याचा नंबर शोधू लागले. शेंडीला निळं रबर लावलेला कोको अप्पांच्या हातून पट्टा हिसकून सुटला, घुशीची मान धरली, दोन झटके दिले आणि काम संपलं. दीडशे वर्षांच्या लाडाने त्याच्या हातचं काहीच गेलं नव्हतं. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. अप्पा पांढरेफटक पडले. कोकोला उचलून त्यांनी थेट डॉक्टरांकडे नेलं, तपासून घेतलं, घरी आणून तीनदा शाम्पू लावला, आणि काकूंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. पुढच्या मीटिंगला सेक्रेटरींनी ठराव मांडला की कोकोला रोज तासभर पार्किंगमध्ये मोकळं सोडावं आणि अप्पांना मेंटेनन्समध्ये सूट द्यावी. अप्पा उठून म्हणाले, “ओव्हरटाइम डबल लागेल.” प्रेस सुटल्यावर इतक्या वर्षांनी त्यांचा गेटमीटिंगचा आवाज लोकांनी ऐकला. ठराव मंजूर झाला.

तेव्हा तुमच्या सोसायटीतही असा एखादा तीन किलोचा कामगार कडेवर बसून दिवस काढत असेल, तर त्याला जरा खाली उतरू द्या. फक्त त्याआधी पार्किंगच्या कोपऱ्यात कुणी उंदरांचं औषध टाकलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या. ते कुत्र्यालाही तितकंच बाधतं.