जेवणानंतरचं इन्सुलिन

गेल्या मे महिन्यात मला तीन दिवस मधुमेह झाला होता. गुहागरला पोचल्या संध्याकाळी झाला आणि निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला बरा झाला.

याची सुरुवात बर्फाच्या डब्यापासून झाली. खरं तर त्याच्या तीन वर्षं आधी, प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून. कर्करोग वेळेवर सापडला, ग्रंथी काढली, मी वाचलो. शेजारून जाणाऱ्या बारीक नसा मात्र त्या धामधुमीत दुखावल्या. सर्जनने तसं आधी सांगितलं होतं आणि मी "जीव वाचू दे, बाकीचं मग बघू" म्हटलं होतं. जीव वाचला, आणि बाकीचं बघायची वेळ आली. १९९८ साली बाजारात आलेल्या त्या निळ्या गोळीने माझ्यापुढे हात टेकले. गोळी म्हणे नसांकडून आलेला निरोप मोठ्याने वाचून दाखवते. माझा निरोप्याच बेमुदत रजेवर, तिथे ती बिचारी काय वाचणार?

राहिलं इंजेक्शन. पॅपाव्हरिन, फेंटोलामाइन आणि अल्प्रोस्टाडिल अशा तिघांचं मिश्रण. ते निरोपाची वाट बघत नाही, थेट रक्तवाहिन्या सैल करतं आणि पाच ते वीस मिनिटांत काम होतं. कुठे टोचायचं? त्याच जागी, बाजूने. हे ऐकून पुरुष मांड्या जवळ घेतात; तुम्हीही आत्ता घेतल्यात. पण सुई इन्सुलिनची, केसासारखी. गुहागरचा डास याहून जास्त चावतो. पहिला डोस डॉक्टर स्वतःसमोर देतात, मात्रा ठरवतात, मग घरी. औषध सिरिंजमध्ये ही भरते, टोचतो मी. ही गणिताची निवृत्त शिक्षिका, त्यामुळे खाते-वाटप आपोआप झालं.

या तिघांतलं अल्प्रोस्टाडिल फार मानी. त्याला दोन ते आठ अंशांतच बरं वाटतं, उकाड्यात त्याचा जोर ओसरतो. शिवाय त्याचा मूळ व्यवसाय वेगळाच. हृदयात दोष घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांची एक रक्तवाहिनी मिटू नये म्हणून ते देतात. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन गेलो तेव्हा औषधवाल्याचा चेहरा एकदम हळवा झाला. "बाळ किती दिवसांचं आहे, काका?" मी गप्प. ही म्हणाली, "बाळ रिटायर झालंय."

घरी काही अडचण नाही. फ्रिजच्या दारात, लसणीच्या चटणीमागे बाटली बसते आणि कोणी विचारत नाही. खरी कसोटी प्रवासात. पूर्वी मी नकाशावर देवळं आणि खानावळी बघायचो, आता हॉस्पिटलं बघतो. कारण नियम एकच आणि तो पाठ: काम झाल्यावर पाहुणा चार तासांत परत गेला नाही, तर लाज बाजूला ठेवून इमर्जन्सी गाठायची. चार तासांनंतर तिथलं रक्त शिळं होतं. मग ते सुईने काढतात, उलटं औषध देतात आणि फार उशीर केलात तर कायमचं नुकसान. अजून ती वेळ आलेली नाही, पण यापायी आमची स्पितीची सहल बारगळली. काझाहून मनालीला उतरायचं म्हणजे दिवसभराचा रस्ता. दिवसभर त्या अवस्थेत जीपमध्ये बसून "काय सुंदर दरी आहे" म्हणत राहणं मला जमलं नसतं.

गुहागरच्या आधी डिसेंबरात विमानाने कोचीला गेलो होतो. सामान हरवू शकतं, म्हणून बाटली हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांचं पत्र. तपासणीच्या जवानाने सिरिंजा पाहिल्या, पत्र उघडलं आणि एका शब्दावर अडला. इंट्राकॅव्हर्नोसल. "अंकल, ये कौनसी जगह है?" मागे वीस माणसांची रांग. मी शब्दाची फोड केली. "गुफा." "गुफा में इंजेक्शन?" "अंदर की गुफा." त्याने माझ्या छातीकडे गंभीरपणे बघितलं आणि "संभल के जाइए" म्हणून पिशवी स्वतः उचलून दिली. कोचीच्या हॉटेलात वेगळीच गंमत. दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की दिव्यांबरोबर फ्रिजही मालवतो, हे दुपारी फिरून आल्यावर कळलं. तेव्हापासून हिच्या पर्समध्ये कपड्यांच्या दुकानाचं एक जुनं सवलत-कार्ड असतं. ते खाचेत, आम्ही बाहेर.

हॉटेल आणि हे इंजेक्शन यांचं नातं जुनंच आहे. १९८२ साली फ्रान्समध्ये रोनाल्ड विराग या सर्जनने पॅपाव्हरिनचा हा गुण छापून आणला. पुढच्याच वर्षी जाइल्स ब्रिंडली नावाचा पन्नाशी उलटलेला ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ लास वेगासला युरॉलॉजिस्टांच्या सभेत आपले प्रयोग सांगायला गेला. हॉटेलच्या खोलीत त्याने स्वतःला इंजेक्शन टोचून घेतलं, ढगळ ट्रॅकसूट चढवला, स्लाइडा दाखवून झाल्यावर पँट खाली केली आणि पुराव्यासकट श्रोत्यांत उतरला. पुढे बसलेल्या बायका किंचाळल्या, असं तिथे हजर असलेल्या एका डॉक्टरने पुढे लिहून ठेवलंय. मला त्याच्या धाडसापेक्षा वेळापत्रकाचं कौतुक वाटतं. खोली, लिफ्ट, सभागृह, भाषण, स्लाइडा, आणि तरी वेळेत! आमच्याकडे नुसत्या पाहुण्यांच्या सत्कारातच तो आटोपला असता.

असो. तर ती गुहा घेऊन आम्ही गुहागरला निघालो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. मागच्या सीटवर बर्फाचा डबा, त्याला सीटबेल्ट. आत टॉवेलात गुंडाळलेली बाटली. चिपळूणला लक्षात आलं की सिरिंजा पुण्यात टेबलावर राहिल्या. औषधाच्या दुकानातून दहा घेतल्या, गाडी सुरू केली, आणि ही ओरडली, "थांबा! झाकण लाल आहे."

हे मात्र नीट सांगायला हवं. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन जातींच्या मिळतात, लाल झाकणाची चाळीसची आणि केशरी झाकणाची शंभरची. शंभरच्या सिरिंजवर दहा युनिट म्हणजे एक मिलिलिटरचा दहावा भाग. चाळीसच्या सिरिंजवर तेच दहा युनिट म्हणजे पाव मिलिलिटर. "अडीचपट," ही म्हणाली, "म्हणजे रात्री दोन वाजता मी तुम्हाला घेऊन याच चिपळूणला आले असते." मी मुकाट्याने जाऊन केशरी आणल्या.

गुहागरला उतरलो ते घर नारळी-पोफळीच्या वाडीतलं, शुद्ध शाकाहारी, पाहुण्यांसाठी मागच्या दोन खोल्या. यजमान दादा, वहिनी आणि दादांची आई. दादांची नजर सामानावरून फिरली आणि बर्फाच्या डब्यावर थबकली. कोकणात बर्फाच्या डब्याला एकच अर्थ असतो.

"मासे नाहीत ना हो त्यात?"

"छे छे," मी म्हणालो. "औषध आहे. फ्रिजमध्ये ठेवायचंय. इन्सुलिन."

चोर पकडला गेला की नाव खोटं सांगतो, तितक्या सहज ते आलं. पण ओटीवरच्या झोपाळ्यावरून आजींनी मान वर केली. जत्रेत गावचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा फुलला. "तुम्हालाही? मला वीस वर्षं झाली. या, बसा."

त्या रात्री पानात आमरस होता. वाडीतला हापूस, घट्ट, वर तुपाची धार. तो माझ्या पानापर्यंत आला, थांबला आणि पुढे गेला. माझ्यापुढे नाचणीची भाकरी आणि पेलाभर कारल्याचा रस. "मी स्वतः काढलाय," आजी म्हणाल्या. "एका दमात घ्या." मी हिच्याकडे बघितलं. ही तिसरी वाटी संपवत होती. "अहो, नका बघू," ही म्हणाली. "तुम्हाला नाही चालत." एकतीस वर्षांच्या संसारात इतका आनंद मी हिच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलाय.

फ्रिज स्वयंपाकघरात, आणि आमच्या खोलीतून तिथे जायचं तर माजघर ओलांडायचं. माजघरात साडेनऊला सगळं घर मालिका बघत बसलेलं. मी बाटली घेऊन परत निघालो तेव्हा आजींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"आत्ता घेता? जेवण तर झालं."

"माझं... रात्रीचं असतं."

"रोज?"

"एक दिवसाआड." डॉक्टरांनी मला आठवड्यातून फार तर तीनदा सांगितलंय; खोटं बोलायचा थकवा आला की माणूस अर्धवट खरं बोलून जातो.

"एक दिवसाआड इन्सुलिन!" आजींनी माझ्या हातातली सिरिंज निरखली. "आणि झाकण केशरी. कोण डॉक्टर हो तुमचे?"

मी खोलीत पळालो. दार लावलं. हिने दिव्याखाली बाटली धरली, दहा युनिट ओढले, सिरिंजला टिचक्या मारून बुडबुडा वर आणला आणि घालवला. मी स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसली, मागच्या वेळी डावी बाजू होती म्हणून उजवी घेतली, वरची निळसर शीर चुकवली, सुई सरळ टेकवली. आणि वीज गेली. पंखा फरफरत थांबला. अंधारात मी, सुई आणि कोकण. "हलू नका," ही म्हणाली. मोबाइलचा दिवा पेटवून तिने तो नेमका जिथे धरायचा तिथे धरला. आयुष्यात इतक्या प्रकाशझोतात मी कधी आलो नव्हतो. टोचलं. बोळा दाबून धरला, पाच मिनिटं, घड्याळ लावून. तिसऱ्या मिनिटाला दारावर थाप. "काका, मेणबत्ती हवी का?"

"नको!" आम्ही दोघं एका सुरात.

"मच्छर अगरबत्ती?"

पुढचं सांगत नाही. वीज पावणेअकराला आली, एवढंच.

वापरलेल्या सुया लोकांच्या केराच्या डब्यात टाकायच्या नाहीत, हा माझा शिरस्ता. केर भरणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा बरोबर ठेवतो आणि परत पुण्याला आणतो. माझा डबा च्यवनप्राशचा आहे. म्हाताऱ्या च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केलं ते ज्या कारणासाठी, ते बघता डबा अगदी योग्य हाती पडलाय. दुसऱ्या दिवशी व्याडेश्वराचं दर्शन घेऊन, समुद्रावर सुरूच्या बनात बसून परतलो तो वहिनी खिडकीतला डबा हातात घेऊन उभ्या. "काका, साखर असताना च्यवनप्राश? आईंना कळलं तर—" आणि त्यांनी तो हलवला. डबा खुळखुळला. आम्ही तिघंही काही बोललो नाही.

दुसऱ्या रात्री आमरस. तिसऱ्या रात्री आमरस आणि आंब्याची साटं. मला दोन्ही रात्री कारलं. आजींनी खास कडू बघून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी चहासाठी स्वयंपाकघरात आलो तर वहिनी फ्रिजसमोर उभ्या होत्या, एका हातात लाल झाकणाची सिरिंज, दुसऱ्या हातात माझी बाटली. क्लिनिकने तिच्यावर नाव-गाव सगळं लिहून दिलं होतं. अब्रू राखायला मीच त्यावर पांढरी चिकटपट्टी मारली होती. "आईंचं संपलंय," त्या म्हणाल्या, "दुकान नऊला उघडतं. म्हटलं, काकांचं आहे की. एक वेळ चालेल." स्टुलावर आजी, पोटावरचं लुगडं सारून तयार.

"नको!"

माझा आवाज असा निघाला की देवघरातली दादांची घंटा थांबली. त्या औषधाने आजींचं काय झालं असतं कोण जाणे, साखर मात्र नक्की उतरली नसती. पुण्याच्या माणसाबद्दल कोकणात जे जे बोललं जातं, ते सगळं वहिनींच्या चेहऱ्यावर एकदम उमटलं.

"पैसे देऊ की हो," आजी म्हणाल्या.

मी तोंड उघडलं, मिटलं. मागून ही आली. वर्गात फळ्यासमोर उभी राहायची तशी सरळ उभी राहिली. "आजी, ते इन्सुलिन नाहीये. ह्यांचं मोठं ऑपरेशन झालं ना, त्याच्यानंतरचं औषध आहे. आमच्या दोघांचं."

दादांनी घंटा पुन्हा सुरू केली, गरजेपेक्षा जोरात. वहिनींनी बाटली दोन बोटांत धरून होती त्या जागी ठेवली. आजी मात्र हिशेब मांडत होत्या. माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, फ्रिजकडे बघितलं.

"म्हणून जेवणानंतर," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग साखर?"

"नाही."

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही, आजी."

"आणि तीन दिवस माझ्या हातचं कारलं प्यायलात?" त्यांनी लुगडं नीट केलं. "सूनबाई, पायरीवरचे आंबे आण. दादाला म्हणावं पूजा आटप आणि औषधवाल्याला घरून उठव."

मी सकाळी सात वाजता, दात न घासता, आमरसाच्या चार वाट्या खाल्ल्या. आजी शेजारी बसून मोजत होत्या. निघताना बर्फ कमी पडला, म्हणून वहिनींनी फ्रीजरमधल्या गोठवलेल्या रसाच्या दोन बरण्या डब्यात घातल्या आणि मधे, टॉवेलात गुंडाळून, बाटली. सीटबेल्ट दादांनी लावला. कोयनानगरला उघडून बघितलं तेव्हा रस अजून दगडासारखा होता.