भूगोल शिकवा, पण खिडकी लावून

मेढ्याच्या शाळेत नेमणूक झाली? आणि 'तुमचं एम.ए. मराठीत ना, मग भूगोल घ्या' असं ऐकावं लागलं? अभिनंदन. घाबरू नका. जग बदलतंय हे खरं, पण पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ते फारसं बदलत नाही. पुढच्या सूचना तंतोतंत पाळा.

1. आधी खिडकी लावून घ्या. बाहेर वेण्णा आहे. महाबळेश्वरहून येणारी हीच नदी पुढे माहुलीला कृष्णेत मिळते, हे पोरांच्या लक्षात आलं तर 'नदीप्रणाली' दहा मिनिटांत संपेल. उरलेला आठवडा काय कराल?

2. भिंतीवरचा जुना नकाशा वाळवीनं खाल्ला तरी उतरवू नका. त्यात सोव्हिएत संघ अजून अखंड आहे, म्हणजे 1991 नंतरच्या पंधरा राजधान्यांची घोकंपट्टी वाचली. चेकोस्लोव्हाकिया गुण्यागोविंदानं नांदतोय, दक्षिण सुदान अजून जन्मायचाय. नवा नकाशा आलाच, तर त्यात दुरुस्त्या करण्याचा उत्साह आवरा. कझाकस्ताननं 2019 मध्ये राजधानी अस्तानाचं नूर-सुलतान केलं. कामसू शिक्षकांनी लगेच खाडाखोड केली. 2022 मध्ये पुन्हा अस्ताना झालं. ज्यांनी पेन उचललंच नाही, ते आपोआप अद्ययावत.

3. दहावीला भारताच्या जोडीला ब्राझील आहे. तिथला अजस्र कडा समुद्रावरून येणारे वारे अडवतो, पलीकडे पाऊस कमी पडतो, त्याला पर्जन्यछाया म्हणतात. फळ्यावर बाण काढा, पोरं माना डोलावतील. एखादी आगाऊ पोरगी मात्र हात वर करेल. 'बाई, महाबळेश्वराला सहा हजार मिलिमीटर पडतो. माझी आत्या दहिवडीला दिलीय, तिथं पाचशेच्या आसपास. ते पण असंच का?' तिला ताबडतोब खाली बसवा. दहिवडी परीक्षेला नाही.

मेढ्याहून एसटीनं साताऱ्याला, तिथून दहिवडीला. अर्ध्या दिवसात सह्याद्रीची पर्जन्यछाया डोळ्यांनी दाखवता येते, हे मला ठाऊक आहे. पण मग परवानगीचा अर्ज, पालकांची संमतीपत्रं, डब्यांचा प्रश्न, घाटात ओकणारी दोन पोरं. ब्राझील बरा, तिथं सहल न्यावी लागत नाही. पुस्तकातला पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे. तो वर्गात बसून मोठ्यानं वाचून घ्या.

4. 'स्थलांतर' शिकवताना जपून. 'कुणाकुणाचे वडील मुंबईला असतात?' असं चुकूनही विचारू नका. अर्धा वर्ग हात वर करेल. कुणी म्हणेल, आमचं जुनं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं, चुलत आजोबांना जमीन मिळाली ती पार रायगडात. हे ऐकत बसलात तर उत्तर तीन मुद्द्यांत मावणार नाही, आणि गुण तीनच आहेत. 'भौगोलिक कारणे लिहा' म्हणजे गाइडमधली कारणे लिहा.

5. नकाशाभरणात देश हलला तरी चालेल, सूची हलता कामा नये.

6. चूक झाली तर मनाला लावून घेऊ नका. 2013 साली दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशातून अख्खा अरुणाचल प्रदेश गळाला होता. एकट्या माणसाला एवढं जमायला फार मेहनत लागते.

7. मुलं वारंवार 'का?' विचारू लागली, तर वेळेच्या गणिताकडे वळा. ब्राझीलची प्रमाणवेळ आपल्यामागे साडेआठ तास. वजाबाकीत वर्ग गप्प होतो. तोवर घंटा होते.

8. एवढं करूनही अभ्यासक्रम अपुरा राहिला, तर निराश होऊ नका. 23 मार्च 2020 ला दहावीचा भूगोलाचा पेपर होता. त्या वर्षी जग असं काही बदललं की आधी तो पुढे ढकलला, मग रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीनं भूगोलाचे गुण मिळाले आणि सगळं सुरळीत पार पडलं. त्याच उन्हाळ्यात मुंबईहून गावी परतलेली माणसं गावोगावच्या शाळांत, पोरांच्याच वर्गांत, चौदा-चौदा दिवस विलगीकरणात बसली होती.