अंगठा जपा

यंदा शेतमजुरांनी निंदणीला जाऊ नये, ऊसतोड कामगारांनी कोयता धरू नये आणि घरकाम करणाऱ्या बायांनी भांडी तर मुळीच घासू नयेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. असल्या उद्योगांनी बोटांवरच्या रेषा झिजतात. रेषा झिजल्या की रेशन दुकानातल्या, आधार पडताळणाऱ्या ई-पॉस मशीनवर अंगठा उठत नाही आणि माणूस समोर उभा असून गैरहजर ठरतो. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, घरच्या लग्नात त्यानं अक्षताही टाकलेल्या असतात. पण ओळखणं आता त्याच्या अखत्यारीत नाही. ज्यांची बोटं मऊ, त्यांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागेल. दुर्दैवानं त्या मंडळींना रेशन लागत नाही.

पर्याय आहे, ओटीपीचा. तो मुलाच्या मोबाइलवर जातो. मुलगा पुण्यात, शिफ्टमध्ये.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिला गेला. त्याच जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या काही पाड्यांवर क्रमांक पोचला आहे. रेंज तेवढी यायची आहे.

कायद्याचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्याच वर्षी पाचांपैकी चौघांनी सांगितलं, सरकारी अनुदानासाठी आधार मागायला हरकत नाही. तेव्हा गरिबानं हक्क घरी खुंटीला टांगावा आणि पिशवी घेऊन रांगेत यावं.

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अकरा वर्षांची मुलगी गेली. घरचं रेशनकार्ड आधारशी जोडलं नाही म्हणून रद्द झालं होतं. आई म्हणाली, भुकेनं गेली. प्रशासन म्हणालं, मलेरियानं. मलेरियाला आधार लागत नाही, ही प्रशासनाची मोठीच सोय.

त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना लेखी कळवलं: अंगठा लागला नाही, ओटीपीही जमला नाही, तरी आधार आणि रेशनकार्ड पाहून धान्य द्या, त्याची वेगळ्या नोंदवहीत नोंद करा. मशीनचा पत्ता गावोगाव पोचला, या वहीचा मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. तुमच्या शेजारची आजी रिकामी पिशवी घेऊन परतली, तर तिच्याबरोबर दुकानात जा आणि ती वही मागा. धान्य नाकारलं, तर नकार लेखी मागा.