त्रेसष्टावं गिऱ्हाईक

क्लिकरावांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. विश्रामबागेत ते कुणी वापरत नाही. वय चौतीस. दुकान नाही, माल नाही, गोदाम नाही, तरी सांगलीच्या कुठल्याही व्यापाऱ्याइतकीच त्यांना गिऱ्हाइकाची काळजी. धंदा असा : कुणीतरी गूगलवर 'स्वस्त होस्टिंग' (म्हणजे वेबसाइटसाठी भाड्याची जागा) शोधतं, वरच क्लिकरावांची जाहिरात दिसते, माणूस ती दाबून त्यांच्या पानावर येतो आणि तिथून होस्टिंग कंपनीकडे जातो. तिथे त्याने खरेदी केली तर क्लिकरावांना कमिशन. नाही केली तरी क्लिकचे पैसे गेलेच.

"म्हणजे दलाली," त्यांचे वडील अण्णा म्हणतात.

"अफिलिएट मार्केटिंग," क्लिकराव दुरुस्ती करतात.

अण्णांना दलालीत काही गैर वाटतं असं नाही. त्यांचे वडील हळदीच्या पेठेत अडत्याकडे दिवाणजी होते, ते स्वतः आयुर्विम्याचे एजंट. दुसऱ्याच्या मालावर जेवणारी ही तिसरी पिढी. फक्त आधीच्या दोघांना गिऱ्हाईक दारात आलं म्हणून कुणाला पैसे मोजावे लागले नव्हते. अण्णांचा भांडवली खर्च म्हणजे चहा.

क्लिकरावांना इतिहासाची आवड आहे आणि ती लग्नाकार्यात उफाळून येते. वरण-भातावर तूप पडेपर्यंत ते १९९६ सालच्या अमेझॉनच्या भागीदार योजनेवर आलेले असतात. मठ्ठा येतो तेव्हा १९९८; कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस नावाचा माणूस 'गोटू' काढून शोधाच्या निकालातल्या जागा क्लिकच्या भावाने विकायला बसतो. ("गेट्स नव्हे, ग्रॉस," हे दर वेळी.) गूगलचं अ‍ॅडवर्ड्स ऑक्टोबर २००० चं, पण तोवर शेजारचा हात धुवायला उठलेला असतो.

लिलावाचं मात्र ते खरोखर छान समजावून सांगतात. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, तसाच इथला सौदाही झाकलेला. पण इथे नुसता जास्त भाव सांगून भागत नाही, पत बघतात. ढोबळमानाने बोली गुणिले दर्जा. दहापैकी आठ दर्जाचा माणूस वीस रुपये बोलून, पाच दर्जाच्या तीस रुपयेवाल्याच्या वर बसतो आणि वर पैसेही वीसपेक्षा कमीच देतो. जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक ती किती दाबतात, पुढचं पान कामाचं आहे का, यावर ही पत ठरते. हे ऐकून अण्णांनी प्रथमच मान डोलावली होती : "आमच्यातही असंच होतं."

आता त्रेसष्टाची गोष्ट. कमिशन दीड हजार. क्लिक पडतो वीस रुपयांना, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे. भागाकार केला की ६३ येतात. त्रेसष्ट क्लिकांत एकाने घेतलं तर चहापुरते सुटतात. चौसष्टावा क्लिक घरातून जातो. हा हिशेब कळल्यापासून क्लिकराव जगाकडे त्रेसष्टाच्या हिशेबाने बघतात. गणपतीच्या आरतीला किती माणसं? एकशे तीस. म्हणजे गिऱ्हाइकं दोन.

पहिल्या वर्षी हा आकडा लागला नाही. आधी त्यांनी सोपी वाट धरली : होस्टिंग कंपनीच्याच नावावर बोली. विक्री धो धो झाली आणि कमिशन रद्द झालं, कारण बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही. कंपन्यांचंही खरं आहे. नाव टाइप करणारा त्यांच्याकडेच निघालेला असतो. त्याला दारात अडवून 'मी आणला' म्हणायचं, ही एसटी स्टँडवरची हमाली झाली. ई-बे कंपनीने तर २०१२ मध्ये स्वतःच्याच नावावरच्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. जवळजवळ सगळी माणसं खालच्या फुकटच्या दुव्यावरून तितक्याच मुकाट्याने आली. मग क्लिकराव अमेझॉनकडे वळले. शोधातल्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक थेट पाठवलेलं अमेझॉनला चालत नाही, हे त्यांनी अर्ज भरून झाल्यावर वाचलं. शिवाय तिथली कुकी, म्हणजे गिऱ्हाईक कुणी पाठवलं याची नोंद, चोवीस तासांची. गिऱ्हाइकाने परवा घेतलं तर क्लिकरावांचा संबंध संपला.

"माझ्या चौऱ्याण्णव सालच्या पॉलिशीचं रिन्युअल कमिशन अजून येतंय," अण्णा सहज म्हणाले.

सुधारणा घडली ती वहिनींमुळे. वहिनी म्हणजे क्लिकरावांची बायको; त्या शाळेत शिकवतात. ऑगस्टच्या चौदा तारखेला रात्री नऊ वाजता क्लिकरावांचं दिवसाचं बजेट संपलं. तीनशेच्या वर क्लिक, विक्री शून्य. प्रतिस्पर्धी, बनावट क्लिक, चीन, असे तर्क झाले. वहिनी वह्या तपासत होत्या. त्यांनी लोकांनी नेमकं काय टाइप केलं ती यादी मागितली. 'फ्लॅग होस्टिंग टाइम.' 'फ्लॅग होस्टिंग स्पीच इन मराठी.' 'फ्लॅग होस्टिंग ड्रेस फॉर टीचर.'

"अहो, ही माझीच पोरं," वहिनी म्हणाल्या. "होइस्टिंग कुणाला लिहिता येत नाही. मुख्याध्यापकांनाही नाही."

त्या रात्री निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांची, यादी वहिनींच्या लाल पेनने झाली. फ्लॅग, स्पीच, ड्रेस. मग फ्री आणि फुकट. मग जॉब, लॉगिन, तक्रार, कस्टमर केअर, 'म्हणजे काय'. महिनाभरात दोनशे शब्द. बाकी राहिले 'दुकानासाठी वेबसाइट होस्टिंग किंमत' असलं काही टाइप करणारे थोडेच लोक, म्हणजे खिशात हात घातलेले. त्यांच्यासाठी क्लिकरावांनी तीन कंपन्यांची प्रामाणिक तुलना लिहिली, दुसऱ्या वर्षी भाव किती वाढतो तेही सांगितलं, आणि खरेदी झाली तर आपल्याला कमिशन मिळतं हे वरच टाकलं. पानाचा दर्जा चढला, क्लिकचा भाव उतरला. चाळिसाव्या क्लिकला एक गिऱ्हाईक मिळू लागलं.

हे सगळं जमूनही घरात उधारी असतेच. गूगल पैसे आज कापतं. कंपनी कमिशन देते ते गिऱ्हाइकाची पैसे परत मागायची मुदत सरल्यावर. मधले दोन महिने वहिनींच्या पगारावर निघतात आणि त्याला क्लिकराव 'वर्किंग कॅपिटल' म्हणतात.

मागच्या महिन्यात सगळा खर्च वजा जाता ३,१८४ रुपये उरले. क्लिकरावांनी पेढे आणले. अण्णांचं रिन्युअल त्याच दिवशी जमा झालं. ते चारशेने जास्त होतं.