शून्य ते शंभर, मध्ये गतिरोधक

दिवाळी सरली की माणदेशातल्या म्हसवडला दोन गोष्टी वाढतात. एक थंडी आणि दुसऱ्या परराज्यातल्या नंबर प्लेटा. ग्रामदैवत सिद्धनाथाचं लग्न तुळशीच्या लग्नाबरोबर लागतं आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो. त्या रथासाठी टीएन, केएल, एपी, केए अशी सगळी बाराखडी माणगंगेच्या काठावर गोळा होते. गाडी तमिळनाडूची आणि आतून हाक येते, "आरं ए, बाजूला सर की जरा!" नवख्या माणसाला वाटतं, भाषावार प्रांतरचना फसली.

ती फसलेली नाही. ही आमची गलाईवाली मंडळी. माण, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली माणसं दुष्काळाला कंटाळून देशभर पांगली आणि गावोगावच्या सराफ बाजारात जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देऊ लागली. भट्टीच्या धगीत आणि ॲसिडच्या धुरात दोन पिढ्या गेल्या. तिसरी पिढी एसीत बसली. तिनं कष्टाचं चीज करायचं ठरवलं आणि स्पोर्टी लक्झरी सेडान घेतली.

आता कुणी विचारेल, सेडानच का? माणदेशातल्या रस्त्यांना फॉर्च्युनर बरी नाही का? बरी आहे, पण फॉर्च्युनर घेतली की दुसऱ्या दिवशी लोक विचारतात, "कुठल्या वॉर्डातनं उभं ऱ्हाणार?" गलाईवाल्या शेठला राजकारणात पडायचं नसतं. त्याला फक्त गावानं बघायला हवं असतं. म्हणून तो लांब नाकाची, जमिनीला टेकलेली, सहा सेकंदांच्या आत शून्यावरून शंभरावर जाणारी गाडी घेतो. तिचा कमाल वेग ताशी 250 किलोमीटर. त्यापुढं ती जाऊ नये म्हणून जर्मन कंपन्या स्वतःहून लगाम घालतात. त्यांनी उगीच त्रास घेतला. आमच्याकडं ते काम सार्वजनिक बांधकाम खातं आणि गावातली उत्साही पोरं मिळून करतात.

गाडी चौकात येऊन थांबली की तोंडी परीक्षा सुरू होते.

"केवढ्याला पडली?" हा पहिला प्रश्न. याला शेठकडं दोन उत्तरं तयार असतात. उसने पैसे मागू शकणाऱ्या पाहुण्याला पाच लाख कमी करून सांगायचं आणि धंद्यातल्या माणसाला पाच लाख चढवून.

"ॲव्हरेज किती देती?"

"गावात सात-आठ."

"मग आमची जुनी जीप काय वाईट हुती?"

"डिक्कीत पेंडीची पोती किती बसत्यात?" या प्रश्नाला जर्मनीत अजून उत्तर सापडलेलं नाही. शेवटी एक म्हातारबा काठी टेकत येतो, वाकून गाडीच्या खाली बघतो आणि खिलार बैलं पारखण्यात गेलेल्या हयातीच्या जोरावर विचारतो, "पोट लय खाली आलंय हिचं. गाभण हाय काय?"

म्हातारबाचं निदान अगदीच चुकीचं नाही. अशा सेडानचं पोट आणि जमीन यांच्यात साधारण 14 ते 16 सेंटिमीटर अंतर असतं. चौघं बसले, डिक्कीत नारळ आणि बुंदीचे डबे चढले की त्यातलंही थोडं जातं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरच्या वेगानं गाडी अलगद वर चढून अलगद उतरते. आमच्याकडं हा नियम नुसता ऐकून पाळतात. आकडे ऐकताना रुंदीचा आणि उंचीचा थोडा घोटाळा होतो, एवढंच. उरलेल्या डांबराचा ढीग, त्यावरून एकदा रोलर, झाला गतिरोधक. पांढरे पट्टे पुढच्या निधीतून.

मग जे होतं ते बघायला रस्त्याकडेच्या टपरीवर खुर्ची टाकून बसावं. गतिरोधकाच्या अलीकडं गाडी थांबते. आधी मेव्हणा उतरतो, मग वहिनी, मग मागच्या सीटवरची आई. शेठ एकटाच स्टिअरिंगवर. मेव्हणा रस्त्यावर उकिडवा बसतो, गाल डांबराला टेकवतो आणि हात हलवायला लागतो. "ये... ये... तिरकी घे... आजून तिरकी... ये... थांब, थांब, थांब!" खर्रर्र. शेठचे डोळे मिटलेले. "लागली, पण लय न्हाय," मेव्हणा धीर देतो. मागं वडापची जीप हॉर्नवर हात ठेवून उभी. तिच्यात पंधरा माणसं आहेत, टपावर शेळी आहे आणि खाली भरपूर जागा आहे. एवढ्यात दूधवाला दोन्ही बाजूंना किटल्या लावून स्प्लेंडरवरून त्याच गतिरोधकावरून टुणकन निघून जातो. गाडी पलीकडं उतरते. सगळे पुन्हा बसतात. आई मात्र बसत नाही. ती चालत पुढं गेलेली असते, कारण पुढचा गतिरोधक दिसतोय. तिच्या गुडघ्यांना बसण्या-उठण्यापेक्षा चालणं सोपं पडतं.

या रस्त्यांना नावं ठेवू नयेत, त्यांनी देशाला नाव मिळवून दिलं आहे. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या आणि दहाव्या आल्या. लोक त्यांना माणदेशी एक्सप्रेस म्हणतात. तीन हजार मीटरमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याचे खड्डे, असा तो खेळ. सातारा-पंढरपूर रस्त्याच्या आडवाटांवर वाढलेल्या माणसाला त्यात नवीन काय वाटलं असेल, असा आमचा भाबडा प्रश्न आहे. गाडी कितीही स्पोर्टी असो, खेळातलं खरं प्रावीण्य इथल्या पायांनीच दाखवलं.

गाडीत एक बटण असतं, त्यावर 'स्पोर्ट' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की सस्पेन्शन कडक होतं, स्टिअरिंग जड होतं आणि इंजिन गुरगुरतं. शेठनं ते बटण म्हसवडमध्ये एकदाच दाबलं, तेही बाजाराच्या दिवशी, भाच्याला दाखवायला. गाडी गुरगुरली. पुढं कोथिंबिरीची गाठोडी घेऊन बसलेल्या आजीनं मागं न बघता सांगितलं, "गुरगुरू नगंस, हितं माझी जागा हाय." गाडीनं मुकाट्यानं कम्फर्ट मोड घेतला. दुसरं एक बटण सीट गरम करायचं. एप्रिलच्या दुपारी सावलीविना उभ्या असलेल्या गाडीत बसणाऱ्या माणदेशी माणसाला हे बटण देणाऱ्या इंजिनिअरला एकदा इकडं बोलावून त्याच सीटवर, बटण न दाबता, बसवायला हवं.

सेन्सर हा आणखी एक प्रकार. गाडीच्या चहूबाजूंनी काही जवळ आलं की ती टीं-टीं करते. मेंढरांचा कळप चहूबाजूंनीच येतो. दोनशे मेंढरं गाडीला घासून जायला लागली की आतला पडदा लाल होतो, आवाजाचं एकच लांबलचक किंचाळणं होतं आणि ब्रेक आपोआप लागतो. मेंढपाळ काचेवर टकटक करून हसत सांगतो, "घाबरू नगा शेठ, चावत न्हाइत."

मेंढपाळाच्या त्या हसण्यामागं अर्थशास्त्र आहे. डिसेंबर 2020 मध्ये आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली होती. मालकानं दिला नाही, त्याला दीड कोटी हवे होते. 70 लाखांत बऱ्यापैकी स्पोर्टी सेडान दारात आली असती. पण मालक हिशेबी. मेंढ्याची पिल्लं विकली जातात. सेडानला पिल्लं होत नाहीत, आणि शोरूमच्या दारातून बाहेर पडल्या क्षणी तिची किंमत उतरायला लागते. शिवाय मेंढा कुठल्याही गतिरोधकावरून चालत जातो.

पंक्चरचा प्रसंग यावा आणि तो म्हसवडलाच यावा. यातल्या बऱ्याच गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ताशी 80 च्या वेगानं 80 किलोमीटरपर्यंत चालतात, म्हणून कंपनी स्टेपनी देत नाही. ही सोय जिथं 80 किलोमीटरच्या आत सर्व्हिस सेंटर असतं त्या देशासाठी. आमचा पंक्चरवाला डिक्की उघडतो, आतला गालिचा उचलतो, हात घालून चाचपतो.

"स्टेपनी?"

"नसते यात."

"जॅक?"

"तोही नाही."

"मग पाऊण कोटीचं दिलंय काय त्यांनी?" असं म्हणून तो टायर काढायला घेतो. टायरची बाजू इतकी कडक की दोन पहारी वाकतात. शेवटी तो बाहेरूनच वातीसारखी दोरी खुपसून पंक्चर काढतो, शंभर रुपये घेतो आणि बजावतो, "हळू चालवा." तेवढं सांगायची गरज नसते.

रथाच्या दिवशी गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. शेठनं सनरूफ उघडं ठेवून धाकट्याला वर उभं केलेलं असतं. "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" झालं आणि मुलाबरोबर गुलालही आत आला. हस्तिदंती रंगाचं कातडं, त्यावर नाजूक दुहेरी शिलाई, त्या शिलाईच्या प्रत्येक भोकात गुलाल. पुढच्या वर्षी शेठ शहाणा होऊन येतो. सीटवर म्हसवडची घोंगडी अंथरतो. सीटमधून गार हवा सोडणारे पंखे खालून फुंकतात, घोंगडी ती पोटात घेते, आणि वर बसलेल्याला पाऊण कोटीच्या गाडीत मेंढवाड्याचा सुगंध येतो.

गाडी खरोखर बंद पडली तर? तर बोलावतात ट्रॅक्टर. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवर जीएसटी 5 टक्के आहे आणि अशा मोठ्या गाड्यांवर 40 टक्के. साठ लाखांच्या गाडीत सतरा लाख नुसता हा कर. त्याआधी सेससकट 48 टक्के होता, म्हणजे शेठवर सरकारची थोडी मेहेरबानीच झाली. तर अशा वेळी दोरखंड बांधून 5 टक्केवाला 40 टक्केवाल्याला ओढत नेतो. कररचनेवर याहून नेमकं भाष्य अजून कुठल्या अर्थतज्ज्ञानं केलेलं नाही.

या विषयात एकटा माणदेश पुढं आहे असं समजू नका. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत काही मंडळींनी एकगठ्ठा 150 मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींच्या. स्टेट बँकेनं 7 टक्क्यांनी कर्ज दिलं. त्याच सुमाराला शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी 12 टक्के पडत होते, हे पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे. आमच्या म्हसवडमध्ये बायकांनी स्वतःची बँक काढायची म्हटलं, तर अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी नाही म्हटलं. बायका लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मर्सिडीजच्या रांगेत सही करणाऱ्यांना लिहिता-वाचता येतं का, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

आणि या गाड्या परक्याही नाहीत. मर्सिडीज चाकणला जोडतात, ऑडी शेंद्र्याला. दोघीही महाराष्ट्राच्या भूमिकन्या. जन्म इथला, आणि इथल्याच रस्त्यावर यांचं पोट खरवडतं. परप्रांतीयांच्या नावानं ओरडणाऱ्या पक्षांनी या भूमिकन्यांचा प्रश्न अजून हाती घेतलेला नाही.

रस्त्याबद्दल एका साहेबांना आम्ही विचारलं, तर त्यांनी शांतपणे शेठच्या नंबर प्लेटकडं बोट दाखवलं. "रोड टॅक्स मदुराईला भरणार आणि खड्डा म्हसवडला बुजवायला सांगणार?" मुद्दा बिनतोड होता. परराज्यातली गाडी इथं बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नवीन नोंदणी करावी लागते. शेठ रथ झाला की आठवड्यात परत जातो, म्हणून कायद्यानं तो सुटतो. पण ज्यानं रोड टॅक्स साताऱ्यालाच भरला आहे, त्या दूधवाल्याच्या स्प्लेंडरचा रस्ता कुठं आहे, असं आम्ही विचारलं. तेवढ्यात साहेबांना फोन आला.

गलाईवाल्या बंधूंनो, गाडी जरूर आणा. घाम गाळून घेतलीत, मिरवा. पण येत्या रथाला एक काम करा. दहा-बारा जण मिळून रस्त्याचं काम ज्यांच्याकडं असेल त्या साहेबांना अदबीनं मागच्या सीटवर बसवा, सीट गरम करायचं बटण दाबा आणि आसपासच्या गावांतून एक फेरी मारून आणा. प्रत्येक गतिरोधकाला त्यांना उतरवा, पलीकडं गेल्यावर पुन्हा बसवा, आणि उकिडवं बसून खाली बघायचं काम मेव्हण्याऐवजी त्यांनाच द्या. निवेदनं आम्ही पुष्कळ दिली, ती फायलीत आहेत. गाल डांबराला टेकला की काम लवकर होईल.