वहिनी, खोडरबर आहे का?

कॉम्प्युटरवाल्या काकांची ओळख करून द्यायला नको; तुमच्याही सोसायटीत ते आहेतच. नव्याकोऱ्या कॉम्प्युटरचं बायॉस कुणीतरी हौसेने अपडेट करतं, नंतर पंखे फिरतात, दिवे लुकलुकतात, पडदा मात्र काळा. काका येतात, डब्याला कान लावतात आणि विचारतात, "वहिनी, खोडरबर आहे का?" प्रिंटर अडला तरी खोडरबर. वायफाय गेलं तरी त्यांची नजर आधी पोरांच्या कंपासपेटीकडे. माझं म्हणणं एवढंच, की काकांचं निदान बहुतेक वेळा चुकतं आणि तरीही त्यांना बोलावण्यात शहाणपण असतं.

खोडरबराला इतिहास आहे, हे मान्य. जुन्या डेस्कटॉपमध्ये, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, रॅमच्या पट्टीची टोकं कळकट व्हायची. मशीन लांबलचक बीप द्यायचं. पट्टी काढून पुसली की गाडं चालू. पण कालपर्यंत ठणठणीत चाललेल्या नव्या पट्टीच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो. सोनं गंजत नाही; उलट खरखरीत खोडरबराने तो मुलामाच झिजतो. अपडेटनंतरचा बिघाड असलाच तर बायॉस ज्या चिपमध्ये राहतं तिथे असतो, आणि पुष्कळदा तो बिघाडच नसतो. अपडेटमध्ये जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि डीडीआर५ रॅमचं मशीन रॅमशी पुन्हा नव्याने जुळवून घेत बसतं. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या एएम५ बोर्डांवर हा कार्यक्रम सुरुवातीला कित्येक मिनिटं चालायचा आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीच दिसत नसे. घाबरून स्विच बंद केला की पुन्हा पहिल्यापासून.

कुणी म्हणेल, पण काकांचा हात लागला की चालू होतो ना? होतो. कशाने होतो ते बघा. कधी खोडरबर शोधण्यातच दहा मिनिटं जातात (कंपासपेटीत ते ऐनवेळी कधीच नसतं), तेवढ्यात रॅमचं जुळतं, पडदा उजळतो आणि काकांचा चेहरा पडतो. कधी ते प्लग काढून, "आता उघडलंच आहे तर सगळंच पुसू" म्हणत ती नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरीही काढतात. सेटिंग्ज मूळपदावर येतात, मशीन उठतं. करामत बॅटरीची, श्रेय खोडरबराला! अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली असेल, तर मात्र सगळ्या वर्गाची खोडरबरं गोळा केली तरी उपयोग नाही. तिथे बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते पाहायचं. असेल तर एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल ठेवायची, पेनड्राइव्ह ठरलेल्या खाचेत लावायचा आणि बटण दाबायचं. प्रोसेसर नि रॅम जागेवर नसले तरी हे काम होतं.

मग सरळ सर्व्हिस सेंटरला का नेऊ नये? वॉरंटी आहे तर न्यावंच. पण तिथे बिल लागतं, खोका लागतो, आणि मशीन दुरुस्त होऊन आलं तरी झालं काय होतं हे घरात कुणालाच कळत नाही. काका रात्री साडेदहाला बनियनवर येतात. एक पैसा घेत नाहीत. बोर्डावरचे सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट हे चार दिवे घरातल्या पोराला एकेक करून दाखवतात, जो दिवा अडकलाय तिथेच घोडं अडलंय असं बरोबर समजावतात, आणि मग स्वतःच त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून पट्टी पुसायला घेतात. पोराच्या मात्र ते दिवे कायमचे लक्षात राहतात. हल्लीच्या पुष्कळशा पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. काका तो उलटा करून बघतात, पुसायला काही सापडत नाही, आणि एरवी अर्धा तास बोलणारा हा माणूस चहा घेऊन लवकर निघतो.

तेव्हा अपडेटनंतर पडदा काळा राहिला तर पंधरा मिनिटं स्विचला हात लावू नका. तेवढ्या वेळात काकांना बोलवा, चहा टाका. आणि अपडेटच्या आधी विंडोजची बिटलॉकर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण बायॉस बदललं की ती मागितली जाऊ शकते. फक्त पेनाने लिहा, पेन्सिलीने नको.