बॅटरीकाका

खडवलीहून सीएसएमटीला जायचं म्हणजे पावणेदोन-दोन तास. यायला तेवढेच, आणि कसारा लोकल चुकली की फलाटावर बसायचं ते वेगळंच. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन संध्याकाळी आंबिवलीच्या आसपास मान टाकतो. म्हणून या मार्गावरच्या प्रत्येक डब्यात एक तरी बॅटरीकाका असतातच. आमच्याही डब्यात आहेत.

काकांनी बॅग रॅकवर टाकली, 'सरका जरा' करून चौथी सीट मिळवली, की पहिली नजर फोनच्या कोपऱ्यात. "ठाण्याला बहात्तर होते. डोंबिवली, एकाहत्तर." हे ते स्वतःशीच म्हणतात, पण अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं. ब्राइटनेस इतका कमी, की नुसती वेळ बघायलाही हातांची ओंजळ करून त्यात डोकं घालावं लागतं. स्क्रीन पंधरा सेकंदांत विझते, त्यामुळे आलेला मेसेज ते हप्त्याहप्त्याने वाचतात. ब्लूटूथ, लोकेशन, व्हायब्रेशन, नोटिफिकेशन, सगळं बंद. वॉलपेपर काळाकुट्ट. आधी नातवाचा फोटो होता. "पांढरा सदरा घातलाय त्याने, करंट खातो," म्हणून काढला.

डब्यातल्या एका इंजिनिअर पोराने समजवून पाहिलं. "काका, काळ्या रंगाने बॅटरी वाचते ती ओएलईडी स्क्रीनवर. तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. तुमचा एलसीडी आहे, मागचा दिवा चालूच राहतो."

"तुझी किती उरलीय?" काकांनी विचारलं.

"नऊ टक्के."

विषय संपला.

पोराचं म्हणणं खरं होतं, पण डब्यात टक्केवारीपुढे शास्त्र चालत नाही. काका दर दोन मिनिटांनी सगळी अ‍ॅप वर ढकलून मारतात. मारलेलं अ‍ॅप परत उघडताना फोनला पहिल्यापासून मांडामांड करावी लागते आणि बॅटरी उलट जास्त जाते. आठवड्यातून एकदा फोन पार शून्यावर आणायचा हा त्यांचा नेम तर निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. त्यासाठी रविवारी खडवलीच्या फलाटावर, भातसेवर भिजून परतणाऱ्या पोरांच्या गर्दीत, काका भरदिवसा टॉर्च लावून बसलेले दिसतात. लिथियम-आयन बॅटरीला हे उपास मानवत नाहीत. ही बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली आणि तिच्यासाठी 2019 साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते, हे पोराने सांगितलं तेवढं मात्र काकांना पटलं. "सत्त्याण्णव ना? शंभरच्या खाली ठेवलं की टिकतं."

एका बाबतीत मात्र काका शंभर नंबरी बरोबर आहेत. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत जास्त जोर लावतो आणि बॅटरी झरझर उतरते. म्हणून टिटवाळा आलं, की गाडीतूनच गणपतीला हात जोडायचे आणि त्याच हाताने फ्लाइट मोड लावायचा. परिणामी काकूंना नवरा फोनवर कधीच सापडत नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांकडे काकूंचा नंबर सेव्ह आहे. "जरा यांना सांगा, येताना दही आणा," हा फोन रोज आमच्यापैकी कोणालातरी येतो.

मागच्या पावसाळ्यात टिटवाळा सोडल्यावर गाडी अडकली. अर्धा तास, तास, दीड तास. रील बघणाऱ्यांचे फोन आधी गेले, मग पॉवर बँका गेल्या. काका शांत. अडुसष्ट टक्के. आयुष्यभराची साठवण सत्कारणी लागायची वेळ आली होती. त्यांनी फ्लाइट मोड काढला, ब्राइटनेससुद्धा वाढवला. "एकेकाने एकच मिनिट बोलायचं. स्पीकर लावायचा नाही." रांग लागली. पहिला मान इंजिनिअर पोराचा. त्याने आईचा नंबर लावला, कानाला धरला आणि मुकाट्याने फोन काकांच्या कानाशी नेला.

रिचार्जची मुदत संपली होती. आउटगोइंग बंद. आठवण करून देणाऱ्या मेसेजांचा आवाज काकांनीच बंद केलेला.

काका क्षणभर थांबले. मग पुन्हा फ्लाइट मोड लावत म्हणाले, "तरीच! दोन दिवस म्हणतोय, बॅटरी एवढी टिकते कशी!"